चेन्नईचे चार वळसे



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांनी आयुष्यभर नगररचना शिकवली. शहराच्या मध्यभागावर सगळेच बोलतात, पण शहराचं पुढचं आयुष्य त्याच्या कडेला ठरत असतं, हे त्यांनी आम्हा विद्यार्थ्यांच्या मनावर पक्कं ठसवलं. म्हणून आजचा विषय कडेचा घेतला आहे. पण ही कड आपल्या शहराची नव्हे, चेन्नईची. तिथे मी नोकरीनिमित्त राहिले, तांबरमच्या बाजूला, आणि तिथले रिंगरोड बांधले जाताना व वापरले जाताना जवळून पाहिले. आज पुण्याभोवती रिंगरोडसाठी जमिनी घेतल्या जात आहेत. मुळशी, मावळ, हवेली, पुरंदर, खेडमधल्या घराघरांत मोजणीची चर्चा आहे. चेन्नईने हीच वाट आपल्याआधी तीन वेळा चालून पाहिली आणि आता चौथ्यांदा ती चालते आहे. तिचं काय झालं, हे आपण बघून ठेवलं पाहिजे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. शहराला वळसा घालायला बांधलेला रस्ता पंधरा-वीस वर्षांत शहराच्या पोटात येतो. तो यायचाच, कारण रस्ता झाला की जमिनीचे भाव बदलतात, गोदामं येतात, कारखाने येतात, त्यांच्या मागे घरं येतात. म्हणून असा रस्ता फक्त मालमोटारींसाठी आखणं चूक आहे. रेल्वे किंवा बस, पायी चालणारी माणसं आणि पावसाचं पाणी या तिघांची सोय त्यावर रस्त्याबरोबरच बांधून झाली पाहिजे. नुसती जागा राखून ठेवल्याने भागत नाही. चेन्नईने एके ठिकाणी जागा राखण्याचं काम उत्तम केलं. पुढचं केलं नाही.

चेन्नईचा नकाशा डोळ्यासमोर आणा. पूर्वेला समुद्र आणि बंदर. तिथून तीन मोठे रस्ते बाहेर जातात. दक्षिणेला तिरुचीकडे जाणारा ग्रँड सदर्न ट्रंक रोड, ज्याला सगळे जीएसटी रोड म्हणतात. पश्चिमेला बंगळुरूकडे जाणारा, आणि उत्तरेला आंध्रमार्गे कोलकात्याकडे जाणारा. हे तिन्ही रस्ते शहरात येऊन मिळत. त्यामुळे तिरुचीहून कोलकात्याला निघालेल्या ट्रकला मद्रासच्या वस्तीतून जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हे टाळायला पहिला वळसा झाला तो इनर रिंगरोड, आजचा जवाहरलाल नेहरू सालै. लोक त्याला शंभर फुटी रस्ता म्हणतात. कत्तिपारापासून वडपळनी, कोयंबेडू, तिरुमंगलम, पाडी असा तो जातो.

या रस्त्याचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. १९९६ मध्ये जॉर्जटाउनमधल्या कोत्तवाल चावडीचा भाजीपाला, फळं आणि फुलांचा घाऊक बाजार उचलून कोयंबेडूला नेला. २००२ मध्ये त्याच्या शेजारी बाहेरगावच्या बससाठी भलंमोठं स्थानक उघडलं. दोन्ही निर्णय त्या वेळी शहाणपणाचे होते, कारण कोयंबेडू तेव्हा शहराच्या कडेला होतं. पण बाजार आणि बसस्थानक जिथे जातात तिथे शहर जातंच. २००८ मध्ये कत्तिपारा चौकात चारी दिशांना वळणारा मोठा उड्डाणपूल बांधावा लागला. आणि २९ जून २०१५ रोजी चेन्नई मेट्रो पहिल्यांदा धावली ती कुठे? कोयंबेडू ते आलंदूर, याच शंभर फुटी रस्त्याच्या वरून. शहराला वळसा घालायला काढलेला रस्ता शहरातल्या पहिल्या मेट्रोचा कणा झाला. यात वाईट काहीच नाही. प्रश्न एवढाच की, हे होणार आहे हे ठाऊक असतं तर खांबांची जागा, स्थानकांची जागा, चालायची जागा आधीच सोडता आली असती.

दुसरा वळसा म्हणजे चेन्नई बायपास. पेरुंगळत्तूरपासून पोरूर, मदुरवायल, अंबत्तूर करत पुळलपर्यंत सुमारे ३२ किलोमीटर. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने तो दोन टप्प्यांत बांधला. त्याची ओळख पुणेकरांना मी करून द्यायला नको. कात्रज-देहूरोड बायपास आठवा, म्हणजे झालं. लांबी साधारण तेवढीच, हेतूही तोच, आणि पुढचं प्रारब्धही तेच. वारजे, बाणेर, वाकडला जे झालं ते पोरूरला आणि मदुरवायलला झालं. लांब पल्ल्याच्या वाहनांसाठी आखलेल्या रस्त्यावर शाळेच्या बस, दूधवाले, दुचाकीवरून ऑफिसला जाणारे सगळे उतरले, कारण त्यांना दुसरा रस्ताच दिला नव्हता. नवले पुलाजवळच्या अपघातांच्या बातम्या आपण किती वर्षं वाचतो आहोत! वेगाने येणारा मालट्रक आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला निघालेला माणूस एकाच रस्त्यावर आले, तर दोष दोघांच्याही चालीचा नसतो. आखणीचा असतो.

लंडनचा एम-२५ हा १८८ किलोमीटरचा वळसा १९८६ मध्ये पूर्ण झाला आणि थोड्याच वर्षांत कोंडीसाठी प्रसिद्ध झाला. तेव्हा ही एकट्या भारताची गोष्ट आहे असं कोणी समजू नये.

आता तिसऱ्या वळशाकडे येते, आणि इथे मला जरा थांबायचं आहे.

चेन्नई आउटर रिंगरोड दक्षिणेला जीएसटी रोडवरच्या वंडलूरला सुरू होतो आणि उत्तरेला मिंजूरला संपतो. लांबी साधारण ६० किलोमीटर. वंडलूर ते नेमिलिचेरी हा पहिला टप्पा २०१४ मध्ये खुला झाला, नेमिलिचेरी ते मिंजूर हा दुसरा २०२१ मध्ये. वंडलूर म्हटलं की तिथल्या लोकांना आधी प्राणिसंग्रहालय आठवतं. अरिज्ञर अण्णा प्राणिसंग्रहालय शहरातल्या जुन्या जागेवरून ऐंशीच्या दशकात इथे आणलं, कारण ही जागा तेव्हा जंगलाच्या कडेची, शहरापासून लांब होती. आज संग्रहालयाच्या दारासमोर दिवसभर वाहनं तुंबलेली असतात.

या रस्त्याची एक गोष्ट मनापासून वाखाणण्यासारखी आहे. चेन्नई महानगर विकास प्राधिकरणाने त्यासाठी १२२ मीटर रुंदीचा पट्टा आखला. त्यातले ७२ मीटर रस्त्याला आणि पुढेमागे येणाऱ्या रेल्वेला, ५० मीटर कडेच्या नियोजित विकासाला. सहा पदरी रस्ता, दोन्हीकडे सर्व्हिस रोड, आणि रेल्वेसाठी सुमारे २२ मीटर मोकळे. भारतात रस्ता करताना आपण सहसा आज लागेल तेवढीच जमीन घेतो आणि दहा वर्षांनी दहापट भावाने कडेची इमारत पाडतो. इथे तसं केलं नाही. ज्या अधिकाऱ्यांनी ही रुंदी धरून ठेवली त्यांच्यावर ती कमी करायला किती दबाव आला असेल, याची कल्पना या क्षेत्रात काम केलेल्या कोणालाही येईल.

आणि तरीही त्या राखीव पट्ट्यावर आज काय आहे? वेडी बाभूळ. तमिळमध्ये तिला सीमै करुवेलम म्हणतात. दोन्ही बाजूंनी कंटेनर धावतात आणि रेल्वेच्या जागेत ती काटेरी झुडपं माजली आहेत.

एका संध्याकाळी मी वंडलूरच्या पुढे सर्व्हिस रोडवर उभी होते. कारखान्याची बस थांबली. ओरगडम-श्रीपेरुंबुदूरच्या पट्ट्यात अशा शेकडो बस पाळी सुटली की निघतात. चार-पाच मुली उतरल्या, पाठीवर सॅक, हातात डब्याची पिशवी, गळ्यात ओळखपत्र. त्यांना पलीकडच्या वस्तीत जायचं होतं. त्यांनी आधी कठडा ओलांडला, तीन पदरांपुढे थांबल्या, ट्रकांच्या दोन लाटांमधली फट बघून पळाल्या. मधल्या मोकळ्या पट्ट्यात काटे चुकवत एकामागे एक चालल्या. एकीची ओढणी झुडपात अडकली, तिने ती जोरात ओढून सोडवली. मग पुन्हा तीन पदरांपुढे थांबल्या. अंधार पडत आला होता. जवळपास पादचारी पूल नव्हता, भुयारी मार्ग नव्हता. रोज दोनदा त्या हा रस्ता ओलांडतात. रेल्वेसाठी राखलेल्या जागेत एखादं स्थानक असतं, तर त्याच मुली त्यावरून पलीकडे गेल्या असत्या, आणि कदाचित कारखान्याच्या बसची वाटही त्यांना पाहावी लागली नसती.

कुणी विचारेल, एवढी वस्ती नसताना रेल्वे कुणासाठी बांधायची? याचं उत्तर चेन्नईच्याच इतिहासात आहे. १९३१ मध्ये बीच ते तांबरम ही विजेवरची लोकल सुरू झाली. तेव्हा तांबरम म्हणजे गाव होतं. मांबलम, सैदापेट, पल्लावरम, क्रोमपेट, तांबरम ही उपनगरं त्या लोकलच्या आधाराने वाढली. त्यांची घरं स्थानकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरात उभी राहिली. आजही तिथला कारकून, नर्स, बांधकामावरचा मजूर अगदी थोड्या पैशांत शहरात जातो. उलट केवळ रस्त्यावर वाढलेल्या उपनगरात घरं विखुरतात, प्रत्येक घराला दुचाकी लागते, आणि मग कितीही रुंद केला तरी रस्ता पुरत नाही. रेल्वे वस्तीच्या आधी आली तर वस्ती तिच्याभोवती येते. नंतर आली तर ती वस्ती पाडत येते.

नंतर येणाऱ्या रेल्वेची किंमत पाहायची असेल तर ओएमआर पाहा. ओल्ड महाबलिपुरम रोड, म्हणजेच राजीव गांधी सालै. २००० मध्ये तरमणीला टायडेल पार्क उघडलं आणि आयटीचा लोंढा दक्षिणेकडे वळला. मध्य कैलासपासून सिरुसेरीपर्यंत सुमारे २० किलोमीटरचा रस्ता सहा पदरी करून २००८ मध्ये खुला झाला. टोल लागला. लोक शहराच्या हद्दीतच टोल देत राहिले, तक्रारी करत राहिले. २०२१ मध्ये चार नाके बंद झाले आणि २०२३ मध्ये नावलूरचाही बंद झाला. या सगळ्या वर्षांत तरमणी, पेरुंगुडी, तोरैपाक्कम, शोलिंगनल्लूर इथे लाखो लोक नोकरीला आणि राहायला आले. आणि आता त्याच रस्त्याच्या मधोमध मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यातली माधवरम ते सिरुसेरीचं सिपकॉट ही मार्गिका उभारली जाते आहे. दुसरा टप्पा एकूण ११८.९ किलोमीटरचा, केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केलेला खर्च ६३,२४६ कोटी. काम चांगलं आहे, हवंच आहे. पण रुंद केलेला रस्ता पत्रे लावून पुन्हा अरुंद झाला आणि रोज कामाला जाणारे वर्षानुवर्षं धुळीत अडकले. मेट्रो २००८ मध्ये रस्त्याबरोबर आखली असती तर हा त्रास झाला नसता. आपल्या हिंजवडीची कहाणी याहून वेगळी आहे का? आयटी पार्क नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, आणि माण ते शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये.

आता पाण्याबद्दल. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि रस्त्यांच्या चर्चेत तो नेमका शेवटी येतो.

चेन्नई जवळजवळ सपाट आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे, समुद्राकडे अगदी मंद उतार. कोसस्थलैयार, कूवम आणि अड्यार या तीन नद्या त्या उताराने येतात. त्यांच्यामध्ये शेकडो तलाव आहेत, तमिळमध्ये एरी. जुन्या लोकांनी ते एकाखाली एक असे बांधले. वरचा भरला की सांडवा खालच्याला जाऊन मिळतो, खालचा भरला की त्याच्या खालच्याला. चेंगलपट्टू हा तर तलावांचाच जिल्हा. आता विचार करा. पाणी पश्चिमेकडून पूर्वेकडे जातं आणि रिंगरोड दक्षिणेकडून उत्तरेकडे. म्हणजे वळसा कुठूनही घाला, तो प्रत्येक ओढा, प्रत्येक सांडवा, प्रत्येक नदी आडवी कापणार. सपाट मुलखात रस्ता उंच भरावावर बांधावा लागतो, नाहीतर तो पाण्याखाली जातो. भराव घातला की तो बांध होतो. पाणी पलीकडे जायचं ते केवळ मोऱ्यांतून. मोरी किती रुंद ठेवायची याचा हिशेब शेतजमीन धरून केलेला असतो. त्याच जागी सिमेंटची वस्ती झाली की पाणी जमिनीत मुरत नाही, सगळं एकदम वाहत येतं. त्यात मोरीच्या तोंडाशी जलपर्णी आणि प्लॅस्टिक.

डिसेंबर २०१५ मध्ये तांबरमला २४ तासांत ४९० मिलिमीटर पाऊस पडला. चेंबरंबाक्कम तलावातून २९,००० क्युसेकपर्यंत पाणी सोडलं गेलं. अड्यारच्या काठची मुडिचूर, वरदराजपुरम ही नवी उपनगरं बुडाली, आणि ती आउटर रिंगरोडच्या अगदी जवळची आहेत. दोष एकट्या रस्त्याचा होता असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं खोटं ठरेल. चेंबरंबाक्कमचं व्यवस्थापन, नदीपात्रातली अतिक्रमणं, तलावांवरची बांधकामं, सगळंच होतं. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी त्या पुराला मानवनिर्मित आपत्ती म्हटलं. पण ज्या पट्ट्यात पाणी मुरायचं आणि थांबायचं, तिथे वस्ती नेली कुणी? रस्त्याने. म्हणून पाण्याचा हिशेब रस्त्याच्या अंदाजपत्रकातच धरला पाहिजे.

दक्षिणेला पल्लिकरणैची दलदल आहे. आजूबाजूच्या कितीतरी तलावांचं पाणी तिथे गोळा होतं आणि ओक्कियम मडुवु नावाच्या ओहोळातून, पुढे बकिंगहॅम कालव्यातून कोवळमला समुद्रात जातं. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. २०२२ मध्ये ती रामसर यादीत गेली. पण तोवर तिच्या पोटात कचरा डेपो आला होता, इमारती आल्या होत्या, आणि पल्लावरमहून तोरैपाक्कमकडे जाणारा दोनशे फुटी रेडियल रोड तिच्या अंगावरून गेला होता. हा रस्ता दक्षिण उपनगरांना अत्यंत उपयोगी आहे, मी स्वतः त्याने शेकडो वेळा गेले असेन. तरी त्यावरून जाताना दोन्ही बाजूंचं पाणी पाहिलं की लक्षात यायचं की एका दलदलीच्या आपण दोन केल्या आहेत.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या वेळी वेळचेरी, पल्लिकरणै, पेरुंबाक्कम पुन्हा बुडाली. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मोठ्या पावसाचा नुसता इशारा आला, तेव्हा वेळचेरीच्या लोकांनी आपल्या गाड्या नेऊन उड्डाणपुलावर रांगेने लावून ठेवल्या. वर्तमानपत्रांत ती छायाचित्रं आली होती. लोकांनी योग्यच केलं, खालचं घर बुडणार हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. पण वाहतुकीसाठी बांधलेला पूल पावसाळ्यात परिसरातली एकमेव कोरडी जागा म्हणून वापरावा लागतो, यातून त्या उपनगराच्या आखणीबद्दल जे कळायचं ते कळतं.

पाण्यावरून अडलेला एक रस्ताही सांगते. चेन्नई बंदर ते मदुरवायल हा उन्नत मार्ग. बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरना दिवसा शहरातून जाता येत नाही, म्हणून हा मार्ग गरजेचा. २००९ मध्ये पायाभरणी झाली. २०१२ मध्ये राज्य सरकारने काम थांबवलं, कारण त्याचे खांब कूवमच्या पात्रात येत होते. खटले झाले, सरकारं बदलली, नदीत अर्धवट खांब वर्षानुवर्षं उभे राहिले. शेवटी आखणी बदलून दुमजली मार्ग ठरला, सुमारे २१ किलोमीटर, आणि २६ मे २०२२ रोजी पंतप्रधानांनी पुन्हा पायाभरणी केली, अंदाजे ५,८५० कोटींची. एका रस्त्याची दोनदा पायाभरणी. नदीचा विचार २००९ च्या आधी केला असता तर मधली तेरा वर्षं गेली नसती. पर्यावरणाचे प्रश्न विकास अडवतात असं आपण फार ऐकतो. इथे उलट दिसतं. ते प्रश्न वेळेवर न विचारल्याने विकास अडला.

आता चौथा वळसा. चेन्नई पेरिफेरल रिंगरोड, १३२.८७ किलोमीटर. उत्तरेला एन्नोर बंदरापासून तच्चूर, तिरुवळ्ळूर, श्रीपेरुंबुदूर, सिंगपेरुमाळ कोविल करत दक्षिणेला मामल्लपुरमजवळच्या पूंजेरीला तो समुद्राशी पोचतो. काम पाच भागांत आहे. एन्नोर ते तच्चूर या पहिल्या भागाला जपानच्या जायका संस्थेचं कर्ज आहे. एन्नोर आणि काट्टुपल्ली बंदरांना श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांशी जोडणं हा त्याचा मुख्य उद्देश, आणि तो रास्त आहे. ह्युंदाईचा कारखाना इरुंगाट्टुकोट्टैला १९९८ पासून आहे. ओरगडमला रेनॉ-निसान, रॉयल एनफिल्ड. फोन जोडणीचे कारखाने श्रीपेरुंबुदूरला. ऑगस्ट २०२४ मध्ये वल्लम वडगाल इथे सिपकॉट या राज्याच्या औद्योगिक महामंडळाने कामगार स्त्रियांसाठी १८,७२० खाटांचं वसतिगृह उघडलं. एका जागी अठरा हजार बायका राहणार, म्हणजे तालुक्याचं गावच की. आणि हे शहराच्या इतकं बाहेर!

म्हणजे चौथ्या वळशावर वस्ती येईल का, हा प्रश्नच उरलेला नाही. ती आलीच आहे. २०२२ मध्ये महानगर क्षेत्राची हद्द १,१८९ चौरस किलोमीटरवरून ५,९०४ चौरस किलोमीटर केली गेली, ती उगाच नाही. या वस्तीतल्या माणसांनी जायचं कसं? याचं उत्तर रस्त्याच्या कंत्राटात नसलं तर ते कारखान्याच्या बसमध्ये आणि शेअर ऑटोत शोधावं लागतं.

किळांबाक्कमचं उदाहरण ताजं आहे. कोयंबेडूची गर्दी कमी करायला वंडलूरजवळ नवं बसस्थानक बांधलं, प्रशस्त, चांगलं, ३० डिसेंबर २०२३ रोजी उघडलं. दक्षिणेकडे जाणाऱ्या बस तिथून सुटू लागल्या. समोरून जीएसटी रोड, त्याला लागून लोकलचे रूळ. पण लोकल थांबायला तिथे स्टेशन नव्हतं. पोंगलला गावी निघालेली कुटुंबं, बोचकी आणि म्हातारी माणसं घेऊन, शहरातून किळांबाक्कमपर्यंत पोचायलाच थकून जात. रूळ दिसत होते, गाड्या समोरून जात होत्या. स्टेशन आणि पादचारी पूल हे काम बसस्थानकाबरोबर व्हायला हवं होतं, ते नंतर हाती घेतलं. कुणी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. बसस्थानक एका खात्याचं, स्टेशन दुसऱ्याचं, रस्ता तिसऱ्याचं. प्रत्येकाने आपलं काम केलं आणि दोन कामांमधली जागा कुणाचीच राहिली नाही.

आपल्याकडे अशी जागा मी पाहिली आहे. पुण्याच्या १९८७ च्या विकास आराखड्यात उच्च क्षमता द्रुतगती मार्ग होता, एचसीएमटीआर, सुमारे ३६ किलोमीटरचा, सार्वजनिक वाहतुकीसाठी शहराभोवती राखलेला. तो झाला नाही. त्या पट्ट्यावरून किती बैठका झाल्या आणि किती आराखडे बदलले, ते या सभागृहातल्या ज्येष्ठांना माझ्यापेक्षा चांगलं आठवत असेल. आता रस्ते विकास महामंडळाचा ११० मीटर रुंदीचा रिंगरोड येतो आहे. ११० मीटर म्हणजे चेन्नईच्या १२२ च्या जवळपास. जागा भरपूर आहे. त्यासाठी शेतकरी आपली बागायत जमीन देत आहेत. त्या जमिनीवर नुसते पदर ओतले तर वीस वर्षांनी आपण पुन्हा भूसंपादनाच्या नोटिसा काढत बसू, आणि त्या वेळी ती शेती नसेल, चार मजली इमारती असतील. शिवाय आपला मुलूख चेन्नईसारखा सपाट नाही. इंद्रायणी, मुळा, मुठा या नद्या आणि डोंगरउतारावरचे अगणित ओढे हा रस्ता कापणार आहे. आपल्या ओढ्यांना वेग जास्त, म्हणून मोरी चुकली तर नुकसानही जास्त.

या रिंगरोडला माझा विरोध नाही, हे स्पष्ट सांगते. रस्ता हवा. चेन्नई बायपास नसता तर तिरुची-कोलकाता ट्रक आजही अण्णा नगरमधून जात असते. पण रस्ता पूर्ण झाला याची खूण कोनशिला नसावी. त्यावरून पहिली सार्वजनिक बस वेळापत्रकाने धावली, पहिल्या वस्तीला रस्ता ओलांडायला सुरक्षित वाट मिळाली आणि पहिल्या मोठ्या पावसात भरावाच्या वरच्या बाजूला पाणी तुंबलं नाही, तेव्हा रस्ता पूर्ण झाला असं धरा.

तुमच्यापैकी ज्यांची गावं या आखणीत आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. मोबदल्याबद्दल तुम्ही बोलालच, बोललंच पाहिजे. त्याच बैठकीत नकाशा मागून घ्या आणि त्यावर तीन गोष्टी शोधा. आपल्या गावाचा ओढा रस्त्याखालून कुठे जातो आणि त्याची मोरी किती रुंद आहे. गावातून शाळेला, शेताला, बसथांब्याला जायची वाट रस्त्याच्या कोणत्या बाजूला तुटते आणि तिथे भुयारी मार्ग आहे की नाही. आणि ११० मीटरांत रेल्वे किंवा बससाठी वेगळा पट्टा कुठे आहे, तो कोण बांधणार आणि कोणत्या वर्षी. उत्तर तोंडी घेऊ नका. लेखी घ्या, त्यावर तारीख आणि सही असू द्या, आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात लावा.